वेष्टनावरील अक्षर आणि गोठ्यातील वासरू

श्री गुरुबसवलिंगाय नमः।



या महिन्याच्या चिंतनासाठी महात्मा बसवण्णांचे सात निषेधांचे वचन घेतले आहे. ते आपल्या घरातील लहान मुलांनाही मुखोद्गत असते, म्हणून येथे पुन्हा देत नाही. ज्याने त्याने ते मनात एकदा म्हणावे आणि मग पुढे वाचावे. चोरी, हिंसा, असत्य, क्रोध, दुसऱ्याविषयीचा तिटकारा, आत्मस्तुती आणि परनिंदा या सात गोष्टी त्यात वर्ज्य सांगितल्या आहेत. या सातांचा त्याग म्हणजेच आतली आणि बाहेरची शुद्धी, असा त्याचा समारोप आहे.

या वचनावर आजवर पुष्कळ प्रवचने झाली. बहुतेकांत माणसामाणसांतील वागणुकीचा विचार असतो आणि तो योग्यच आहे. आज मात्र हे वचन घेऊन आपण दुकानात, स्वयंपाकघरात आणि गोठ्यात जाणार आहोत. असे करण्यास एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगतो. त्यात दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आमच्या मठाचाच आहे.

गेल्या श्रावणात प्रवचनमालेची समाप्ती झाली. रिवाजाप्रमाणे भक्तांना लाडवाच्या पुड्या वाटल्या. पुडीवर कित्येक वर्षे एकच मजकूर छापला जात होता : 'मठाच्या गोठ्यातील गाईच्या शुद्ध तुपात केलेला प्रसाद.' गर्दी ओसरल्यावर एक वृद्ध अव्वा पुडी हातात घेऊन आल्या. त्या घरी दोन म्हशी बाळगतात, स्वतः धार काढतात, तूप कढवून विकतात आणि त्यातला एक वाटा दासोहाला देतात. त्या म्हणाल्या, "अप्पाजी, आपल्या गोठ्यात गाई किती?"

मी म्हणालो, "सहा आहेत, अव्वा."

"दुभत्या किती?"

"दोन. बाकीच्या भाकड."

"मग एवढ्या लाडवांना तूप कुठनं आलं?"

अव्वांच्या प्रश्नात कुचेष्टा नव्हती. एक किलो तुपाला गाईचे पंचवीस-तीस लिटर दूध लागते, हा हिशोब त्यांच्या हाताला रोजचा होता. मी स्वयंपाकघरात चौकशी केली. तूप बाजारातून डब्यांनी येत होते. पूर्वी मठात गाई पुष्कळ होत्या, तेव्हाचा तो मजकूर. गाई कमी झाल्या, मजकूर मात्र तसाच छापला जात राहिला. तूप भेसळीचे नव्हते. पण ते गाईचे की म्हशीचे, हे डब्यावर लिहिलेले नव्हते. आणि ते मठाच्या गोठ्यातले तर नक्कीच नव्हते.

मंडळींपैकी काहीजण म्हणाले, "अप्पाजी, लिंगाला अर्पण झाले की सगळे शुद्धच. एवढे मनाला लावून घेऊ नये." शरणबंधूंनो, मनाला लावून घेण्यासारखेच ते होते. आपल्या धर्मात पदार्थ आणि प्रसाद हे दोन वेगळे शब्द आहेत. पदार्थ इष्टलिंगाला अर्पण झाला म्हणजे तो प्रसाद होतो. पण अर्पण करणाऱ्याला आपल्या हातात काय आहे हे ठाऊक नको काय? पुडीवरचे अक्षर खोटे असेल, तर ती पुडी घेऊन आपल्या घरी लिंगार्पण करणारा भक्त नकळत आमचे असत्यही अर्पण करतो. त्याने अर्पण भावाने केले, तो निर्दोष. पण ते असत्य त्याच्या हातावर आम्ही ठेवले. त्या दिवसापासून बाजारातील प्रत्येक वेष्टनाकडे मी याच नजरेने पाहू लागलो. वेष्टन हे वस्तूचे बहिरंग होय. आतला माल आणि त्यामागचे जितराबाचे जिणे हे तिचे अंतरंग. बसवण्णा या दोन शुद्धी वेगळ्या मानत नाहीत.

आता एकेक निषेध पाहू.

पहिला निषेध चोरीचा. आयदक्की मारय्या आणि त्यांची पत्नी लक्कम्मा यांची कथा आपण सर्व जाणतो. बसवण्णांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी ते पाहिले आणि जास्तीचे तांदूळ परत टाकून येण्यास सांगितले. वास्तविक त्या तांदळात भेसळ नव्हती, मारय्यांनी कोणाला फसविले नव्हते, मालकाची हरकत नव्हती. तरीही, आपल्या कायकाने जेवढे आले तेवढेच आपले, हा लक्कम्मांचा निवाडा. आपण चोरी म्हणतो ती बहुधा वजनात किंवा मापात. लक्कम्मांचे माप त्याहून बारीक आहे. ज्या गुणासाठी मी कष्ट केले नाहीत, त्या गुणाचे पैसे घेणे हीही जास्तीच्या तांदळाचीच मूठ आहे. गाय न पाळता गाईच्या नावाने दर लावला, सेंद्रिय शेती न करता 'सेंद्रिय' शब्दाचे पैसे घेतले, तर वजन पूर्ण भरूनही चोरी होते.

दुसरा निषेध हिंसेचा. येथे आपल्यापैकी पुष्कळजण निश्चिंत होतात. आपण शाकाहारी, आपल्या घरात मांस शिजत नाही, मग हिंसेशी आपला संबंध काय? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही प्रामाणिक द्यावे लागेल. आपण दूध पितो. दूध वासरासाठी येते, हे प्रथम लक्षात घ्यावे. गाय-म्हैस व्याली की पहिल्या काही तासांत तिचा चीक वासराच्या पोटात जाणे आवश्यक असते. वासरू जन्मते तेव्हा रोगाशी लढण्याची शक्ती त्याच्या अंगी जवळजवळ नसते. ती त्याला चिकातून मिळते. खरवस आपल्या सर्वांना आवडतो. पण वासराचा वाटा आधी आणि खरवस मागून, हा क्रम किती गोठ्यांत पाळला जातो? कालवडीकडे पुढची गाय म्हणून लक्ष दिले जाते. गोऱ्हा किंवा रेडा असेल तर तो दाव्याला बांधून उपाशी ठेवला जातो आणि दोन-तीन आठवड्यांत तो मरतो. मारले कोणी? कोणीच नाही; नुसते पाजले नाही. मग म्हैस पान्हा सोडीना म्हणून मेलेल्या रेडकाच्या कातड्यात भुसा भरून तिच्यापुढे ठेवतात, नाहीतर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन टोचतात.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने, दूध वाढविण्यासाठी फुका घालणे किंवा जनावराच्या प्रकृतीस अपाय होईल असे काही टोचणे हा गुन्हा ठरविला आहे. बैलांसाठीही 1965 चे नियम आहेत. ओढकाम करणाऱ्या जनावरास दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक राबवू नये, मध्ये विश्रांती न देता सलग पाच तासांहून अधिक जुंपू नये, उष्णता 37 अंशांवर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळेत कामाला लावू नये, असे ते सांगतात. उसाच्या हंगामात आपल्या भागातील रस्त्यांवर भरलेल्या बैलगाड्या पाहणाऱ्याला हे नियम किती पाळले जातात ते सांगावयास नको. कर्नाटकी बेंदराला ज्येष्ठ पौर्णिमेस आपण बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी भरवतो. बसव हे नावच वृषभ शब्दापासून आले. मग त्या बसवाच्या शेपटीला पीळ का घालावा, त्याला टोकदार पराणी का टोचावी?

शरणांच्या मेळ्यात तुरुगाही रामण्णा होते. कल्याणातील गाई राखणे हे त्यांचे कायक. ओक्कलिग मुद्दण्णा हे शेतकरी शरण. मुद्दण्णांच्या वचनमुद्रेत 'जीवधन' हा शब्द आहे. जीवधन म्हणजे आपल्या बोलीतले जितराब. जित्या धनाचा स्वामी म्हणून देवाला हाक मारणारा शेतकरी गोठ्यात जाताना कोणत्या भावनेने जात असेल, याचा विचार करावा. जितराब आपल्या दावणीला असले तरी त्याचा धनी शिवच.

तिसरा निषेध असत्याचा. हिंसेच्या लगोलग असत्याचा निषेध यावा, यात मला मोठा अर्थ दिसतो. गोठ्यातली हिंसा बाजारात येते ती असत्याचे पांघरूण घेऊनच. पिशवीवर हिरवे कुरण, त्यात चरणारी गाय आणि शेजारी उड्या मारणारे वासरू. आतले दूध ज्या गाईचे, ती वर्षभर दोन हात दाव्यावर सिमेंटच्या फरशीवर उभी, आणि वासरू केव्हाच गेलेले. पिशवीवर खोटा शब्द एकही नसेल. पण चित्रही बोलते.

आपल्या देशात लेबलाविषयी कायदा नाही असे नाही. 2006 चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आहे. त्याखाली चुकीचे लेबल लावलेल्या मालास तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थावर तपकिरी खूण ही पद्धत 2001 सालापासून टप्प्याटप्प्याने आली. 2020 च्या नियमांनी तपकिरी ठिपक्याच्या जागी त्रिकोण आणला. 2021 च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की पदार्थातील प्रत्येक घटक वनस्पतीपासूनचा की प्राण्यापासूनचा हे उत्पादकाने पूर्णपणे उघड केले पाहिजे, त्याचे प्रमाण कितीही थोडे असो. हा निर्णय आपल्यासारख्यांना मोलाचा आहे.

पण हिरवा ठिपका काय सांगतो आणि कशाविषयी मौन पाळतो, हे नीट समजून घ्यावे. कायद्याच्या व्याख्येत दूध, दुधाचे पदार्थ आणि मध मांसाहारात धरलेले नाहीत, म्हणून त्यांच्यावर हिरवा ठिपका येतो. तो एवढेच सांगतो की यात मांस वा अंडे नाही. वासरू प्याले की नाही, गाय चालली-फिरली की नाही, याविषयी तो काही सांगत नाही. हिरवा ठिपका म्हणजे अहिंसेचा दाखला, अशी आपली समजूत झाली असेल तर ती आपण सोडली पाहिजे.

अंडे आपल्या ताटातले नव्हे, परंतु येथे युरोपचे एक उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे 2004 पासून अंड्याच्या कवचावरच एक अंक उमटवतात. शून्य म्हणजे सेंद्रिय पद्धत, एक म्हणजे बाहेर मोकळी फिरणारी कोंबडी, दोन म्हणजे बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर ठेवलेली, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. घेणाऱ्याला एका अंकात कोंबडीचे जिणे कळते. 2012 पासून तर जुन्या पद्धतीच्या उजाड पिंजऱ्यांवर तेथे बंदीच आली. आपल्या विधी आयोगानेही 2017 च्या 269 व्या अहवालात कोंबड्यांच्या पिंजऱ्यांचा विचार केला. दुधाच्या पिशवीवर गाईच्या जिण्याविषयी सांगणारा असा अंक आपल्याकडे अद्याप नाही. तो मागणे हेही धर्मकार्यच होय.

चौथा आणि पाचवा निषेध, क्रोधाचा व तिटकाऱ्याचा. क्रोधाविषयी एवढेच : लाथ मारणाऱ्या गाईला काठीने झोडपणारा हात बहुधा दुसऱ्याच कोणावरचा राग तिच्यावर काढत असतो. तिटकाऱ्याविषयी मात्र आज स्पष्ट बोलले पाहिजे. हिरवा ठिपका ही आपल्या थाळीची माहिती आहे. शेजाऱ्याची किंमत करण्याचे ते माप नव्हे. शरणांमध्ये मादार चन्नय्या होते, कातडी कमावणारे डोहर कक्कय्या होते. बसवण्णांनी त्यांना आपल्या घरचे मानले. खाण्यावरून माणसाचा तिटकारा करणारा मनुष्य दुधाच्या पिशवीवरचे असत्य मात्र मुकाट्याने पचवतो, हे विपरीत आहे.

सहावा निषेध आत्मस्तुतीचा. आजची जाहिरात म्हणजे बहुतांशी हीच. 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'ताजे', 'पारंपरिक' हे शब्द आता इतके स्वस्त झाले की 2018 च्या नियमांना त्यांच्या वापरावर बंधने घालावी लागली. 2024 च्या ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुधावरचे 'ए-वन', 'ए-टू' हे दावे काढून टाका असे सांगितले आणि थोड्याच दिवसांत ती सूचना मागेही घेतली. जेथे नियामकच असा मागे-पुढे होतो, तेथे सामान्य गिऱ्हाइकाने जास्त दर देताना नुसत्या शब्दावर भुलू नये. आपल्या भागातल्या गुळाचे पाहा. रस साफ करण्यासाठी रानभेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी रीत आहे. त्या गुळाचा रंग तांबूस-काळपट येतो. पण गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागते, म्हणून हायड्रॉस पडते. मग पुन्हा त्याच गिऱ्हाइकासाठी 'रसायनविरहित' अशी चिठ्ठी चिकटते. येथे खोटे बोलणारा एक आणि खोटे मागणारा दुसरा; दोष दोघांचाही.

सातवा निषेध परनिंदेचा. आपला माल खपावा म्हणून शेजारच्या दूधवाल्याच्या दुधात युरिया आहे, अशी पुरावा नसताना आवई उठविणे हेही पापच आहे. संशय असेल तर नमुना तपासणीस द्यावा. गावभर कुजबूज करू नये.

आता एक शंका उरते, आणि ती गोठ्यातूनच येते. एक तरुण शेतकरी मला म्हणाला, "अप्पाजी, डेअरीत दुधाला दर मिळतो फॅट आणि एस.एन.एफ. बघून. वासराला किती पाजलं याचा कोण दर देतो? मी दोन सड वासराला सोडले तर माझं तेवढं दूध कमी भरतं. सरकी पेंडीचा भाव तुम्हाला ठाऊक आहे." त्याचे म्हणणे खरे आहे. दयेची किंमत एकट्या शेतकऱ्याने भरावी आणि तिचे पुण्य शहरातल्या गिऱ्हाइकाने घ्यावे, हा न्याय नव्हे. म्हणून सत्य लेबल हवे. वासराला पाजणारा कोण आणि उपाशी मारणारा कोण, हे वेष्टनावरून कळले तरच घेणारा पहिल्याला दोन रुपये अधिक देईल. ते कळत नाही तोवर दोघांचे दूध एकाच भावाने जाते, आणि त्या भावात दयाळू माणूस तोट्यात जातो. असत्यामुळे गिऱ्हाईक फसते, आणि त्याच असत्यापायी गोठ्यातली दयाही उपाशी मरते. हिंसा आणि असत्य यांचे निषेध लागोपाठ का, याचे उत्तर मला त्या तरुणाच्या बोलण्यात मिळाले.

तेव्हा प्रत्येकाने आपापल्या जागी एवढे तरी करावे. जितराब पाळणाऱ्याने चीक आधी वासराला पाजावा, गोऱ्हा-रेडकू असले तरी. इंजेक्शनाला आणि पराणीला हात लावू नये. विकणाऱ्याने जे आहे तेच लिहावे आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावे. घेणाऱ्याने वेष्टनाची मागची बाजू वाचावी, दूधवाल्याला "वासरू कसे आहे?" असे विचारावे, आणि उत्तर चांगले मिळाले तर भावासाठी घासाघीस करू नये. माताभगिनींनी गुळाचा काळपट रंग आनंदाने पत्करावा. आणि ज्यांना मोजून पाहावयाचे आहे त्यांनी पाच गोष्टी पाहाव्यात. ब्रिटनमध्ये 1979 साली त्या सूत्ररूपाने मांडल्या गेल्या, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2014 च्या एका निकालात त्यांचा आधार घेतला. जनावर भुकेले-तहानलेले नसावे. त्याला निवारा असावा. दुखणे-जखम यांवर उपचार असावा. त्याच्या जातीला साजेसे वावरता यावे. आणि ते भयात नसावे. बसवण्णांनी दयेला धर्माचे मूळ मानले. या पाच गोष्टी म्हणजे ते मूळ आपल्या गोठ्यात रुजले की नाही हे पाहण्याची साधी तपासणी आहे.

मठाने काय केले, तेही सांगितले पाहिजे. जुन्या पुड्या रद्द केल्या. नव्या पुडीवर असे छापले आहे : 'दासोहाचा प्रसाद. बेसन, साखर, तूप. तूप बाजारातून घेतलेले आहे. ते गाईचे की म्हशीचे हे आम्हांस ठाऊक नाही.' काही भक्तांना हे आवडले नाही. मठाची शोभा गेली, असे त्यांचे मत पडले. मठाची शोभा खोट्या अक्षरावर उभी असेल तर ती गेलेलीच बरी. गोठ्यातल्या दोन दुभत्या गाईंचे अर्धे दूध आता वासरांना सोडतो. दासोहात ताक थोडे पातळ झाले आहे, त्याची कोणी तक्रार केलेली नाही.

यंदा बसवजयंतीला त्या अव्वा आल्या होत्या. पुडी घेतली, डोळ्यांजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, "अप्पाजी, आता हे लिंगापुढं ठेवायला मन धजतं."

आपणा सर्वांच्या घरातील प्रत्येक पदार्थ असा निःशंक मनाने लिंगापुढे ठेवण्यासारखा होवो, अशी गुरुबसवण्णांच्या चरणी प्रार्थना करून ही सेवा येथे पूर्ण करतो.

शरणु शरणार्थी.